पाठीच्या ऑपरेशनला सहा आठवडे आहेत: पडून राहू की व्यायाम करू?

प्रश्न थोडक्यात असा: वय ५४, बाई. कंबरेत एल-४ मणका एल-५ वर थोडा पुढे सरकलाय आणि नसांची जागा अरुंद झालीय. सहा आठवड्यांनी नसांवरचा दाब मोकळा करून, स्क्रू आणि रॉड घालून दोन मणके जोडायचं ऑपरेशन ठरलंय. दहा मिनिटं चाललं की पाय भरून येतात, बसलं की उतरतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. घरचे म्हणतात, आता ऑपरेशनपर्यंत पडून राहा. मैत्रीण म्हणते, पाठ मजबूत करायचे व्यायाम कर. कुणाचं ऐकू?

ताई, दोघांचंही ऐकू नका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली तेवीस वर्षं मणक्याच्या वॉर्डात काम करते. ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा पलंगावरून उठवून उभं करायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मी पुढच्या सहा आठवड्यांकडे त्या पहिल्या सकाळवरून मागे बघत येते. त्या सकाळी तुम्हाला काय काय यायला हवं, तेच आत्ता शिकायचं.

ती सकाळ कशी असते ते सांगते. हाताला सलाईन, लघवीची नळी, कधी पाठीतून आलेली ड्रेनची नळी. वेदनाशामकांमुळे डोळ्यांवर झापड. मी म्हणते, "आता कुशीवर वळा, सगळं अंग एकदम." पेशंट मान डोलावते आणि पुढच्या क्षणी पलंगाचा कठडा धरून सरळ उठायला बघते, पन्नास वर्षं उठत आली तशीच. पाठीतून कळ जाते, ती किंचाळते, पुन्हा आडवी होते. मग भीती बसते. संध्याकाळपर्यंत तिला हलायला सांगितलं तरी ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. दुसऱ्या कुणाला हेच ऑपरेशन झालेलं असतं, जखम तेवढीच असते, पण ती घरी महिनाभर सराव करून आलेली असते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती गुडघे वाकवून वळलेली असते. तिलाही दुखतंच, पण शरीर गोंधळत नाही. अर्धवट गुंगीत आणि वेदनेत नवीन काही शिकता येत नाही, जे अंगवळणी पडलेलं असतं तेच होतं. म्हणून हे सहा आठवडे पाठ दुरुस्त करण्यात घालवू नका. ते काम सर्जन करतील. पाय, श्वास आणि उठण्या-बसण्याच्या सवयी तुमच्याकडे आहेत, त्या तयार करा.

आता पडून राहण्याबद्दल. घरच्यांची काळजी खरी आहे, सल्ला चुकीचा आहे. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो स्नायूंचं वजन उतरलं. १० दिवसांत! तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. एवढे दिवस पडून राहिलात तर ऑपरेशन टेबलावर जाल तेव्हा मांड्या पुष्कळ दमलेल्या असतील, आणि ऑपरेशननंतर तर सगळा भार मांड्यांवरच येणार आहे. दुखणं फारच वाढलं तर अर्धा-पाऊण तास आडवं व्हा, पण दिवसच्या दिवस नको.

मैत्रिणीचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्याची जास्त भीती वाटते. पाठ मजबूत करायची म्हणून लोक पालथे झोपून छाती उचलतात, कमान करतात, नाहीतर पोटाच्या उठाबशा काढतात. तुमच्या बाबतीत कंबर मागे वाकली की नसांची आधीच अरुंद झालेली जागा आणखी आवळते. उलट किंचित पुढे झुकलं की ती जागा थोडी उघडते. बसल्यावर पाय हलके होतात ते यामुळेच. हातगाडी किंवा ट्रॉली ढकलत चालताना हेच पेशंट जास्त चालतात, कारण ढकलताना आपोआप पुढे झुकलं जातं. म्हणून कमान नाही, पालथं झोपून पाय उचलणं नाही आणि कंबरेला पीळ देणारं काहीही नाही. ज्यांची दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे चकती, सरकून नस दबलेली असते त्यांचं गणित पुष्कळदा नेमकं उलटं असतं: त्यांना बसणं नको वाटतं, उभं राहिलं की बरं. त्यामुळे कुणाच्या तरी ऑपरेशनआधीचे व्यायाम पाहून ते स्वतःला लावू नका.

चालण्यापासून सुरुवात करा. दहाव्या मिनिटाला पाय भरून येतात ना? मग सहाव्या-सातव्या मिनिटाला थांबायचं, पाय भरायच्या आत. खुर्चीत दोन मिनिटं बसायचं, पुन्हा सहा मिनिटं. असे दोन-तीन फेरे एका वेळी, दिवसातून तीन-चार वेळा. लोक काय करतात, की पाय जड झाले तरी "अजून थोडं" म्हणत रेटतात आणि मग दोन दिवस चालणं बंद. घरात किंवा जवळ जागेवरची सायकल असेल तर उत्तमच, हँडलवर किंचित झुकून १५ ते २० मिनिटं. दम लागायला हवा, पण बोलता आलं पाहिजे. व्यायामानंतर दुखणं अर्ध्या तासात पूर्वीइतकं झालं तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळलं तर पुढच्या वेळी कमी करा. आणि दुखणं कंबरेतून पोटरीकडे, पोटरीतून पावलाकडे उतरत चाललं असेल तर तो व्यायाम तिथेच बंद.

यानंतरची गोष्ट माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची आहे: खुर्चीतून उठणं. ऑपरेशननंतर काही आठवडे तुम्हाला कंबरेतून वाकायचं नसतं, वळायचं नसतं, जड उचलायचं नसतं. म्हणजे दिवसातून तीस-चाळीस वेळा जे उठणं-बसणं होतं, ते निव्वळ मांड्या आणि नितंबांच्या जोरावर करायचं. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या. पुढच्या कडेपर्यंत सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. इथेच निम्मे लोक चुकतात, पावलं पुढे ठेवून उठायला बघतात आणि मग पाठीला हिसका द्यावा लागतो. आता पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुका, नाक पायांच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत. वजन पावलांवर आलं की उभं राहा. बसताना तीनपर्यंत आकडे मोजत सावकाश बसा, खुर्चीत धपकन पडू नका. सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की आठ, मग दहा. चौथ्या आठवड्यात थोडी बुटकी खुर्ची घ्या, कारण घरातलं सगळ्यात बुटकं आसन बहुतेक वेळा कमोड असतं. पहिल्या आठवड्यात माणूस अडकतो तोही तिथेच.

पाठ न वाकवता खुब्यातून झुकणं म्हणजे काय हे शब्दांत सांगून कळत नाही. एक लांब काठी घ्या, झाडूचा दांडाही चालेल. ती पाठीवर उभी धरा: एक हात मानेमागे, एक हात कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे, डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला. आता नितंब मागे ढकलत झुका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून झुकलात. एखादी जागा सुटली तर पाठीतून वाकलात. बहुतेकांना पहिल्या दिवशी धक्का बसतो, कारण आपण सरळ आहोत असं मनाला वाटत असतं आणि काठी खोटं बोलत नाही. दात घासताना बेसिनवर वाकणं आणि ओट्यावर काम करणं हे सगळं पुढे याच पद्धतीने करायचंय.

आता कुशीवरून उठणं. हे जरा विस्ताराने लिहिते, कारण बाकी सगळं विसरलात तरी हे यायलाच हवं. पाठीवर झोपा. एकेक करून दोन्ही गुडघे वाकवा, पावलं गादीवर. उजवीकडे उठायचं असेल तर डावा हात छातीवरून उजवीकडे न्या. आता गुडघे, कंबर आणि खांदे एकाच वेळी वळवा, लाकडाचा ओंडका लोटल्यासारखे. घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा आणि एवढंच बघायला सांगा की खांदा आणि कमरेचं हाड एका क्षणी फिरतात की गुडघे आधी पडतात. गुडघे आधी पडले म्हणजे कमरेला पीळ बसला. कुशीवर आलात की गुडघे वाकलेलेच ठेवून पलंगाच्या कडेपर्यंत आणा. पाय कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी उजवं कोपर आणि डाव्या हाताचा तळवा गादीत दाबून धड वर घ्या. पायांचं वजन खाली जातं तसं धड वर येतं, तराजूसारखं. मध्ये कुठे थांबलात तर जड जातं, सलग केलंत तर हलकं. झोपताना हेच उलट्या क्रमाने: कडेला बसा, कोपरावर झुकत पाय वर घ्या, कुशीवर आलात की एकसंध पाठीवर.

सकाळी पाच वेळा, रात्री पाच वेळा, दोन्ही कुशींवरून. हॉस्पिटलचा पलंग भिंतीला कुठल्या बाजूने लावलेला असेल आणि नळ्या कुठल्या बाजूला असतील, कोण जाणे. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र सराव म्हणून वेगळं करायची गरज नाही. प्रत्येक वेळी असंच उठायचं, रात्री दोन वाजता लघवीला जातानाही. झोपेतही हात आपोआप योग्य जागी जायला लागला की समजा शरीराने शिकून घेतलं.

पोटाच्या स्नायूंबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या क्षणभर आधी पोटाचा सगळ्यात आतला थर आवळला जातो, आणि कंबरदुखीच्या रुग्णांत ही आवळण उशिरा होते. त्यावरून पुढे पुष्कळ फॅशनही निघाली, ती सोडा. तुम्ही एवढंच करा: पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, श्वास सोडताना बेंबीखालचं पोट अगदी हलकेच आत ओढा, घट्ट पँटची झिप लावताना ओढतो तेवढंच. श्वास न रोखता पाच-सहा सेकंद धरा. दहा वेळा. मग हीच आवळण उठता-बसताना वापरायची. श्वास रोखून जोर लावायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

श्वासाचंही तसंच. भूल आणि पडून राहणं यामुळे फुप्फुसांचे खालचे कोपरे नीट फुगत नाहीत, तिथे कफ साठतो, कधी न्यूमोनियापर्यंत जातं. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून नाकाने असा श्वास घ्या की पोटावरचा हात उचलला जाईल. दोन-तीन सेकंद थांबा, तोंडाने सावकाश सोडा. दर तासाला दहा, जमेल तसे. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र हॉस्पिटल देणार असेल तर आधीच मागून घ्या. खोकताना किंवा शिंकताना पोटाशी उशी कवटाळायची, याचाही दोन-चार वेळा सराव करा. हसू येईल, येऊ द्या. ऑपरेशननंतरची पहिली शिंक ज्यांना उशीशिवाय आली त्यांना विचारा.

पाऊल वर-खाली करणं, नितंब आवळून सोडणं, एवढं पलंगावर पडल्यापडल्या येत असलं की झालं. पायांतलं रक्त साकळू नये म्हणून ते पहिल्या दिवसापासून सांगतात. घरात जिने असतील तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

हे सगळं केल्याने ऑपरेशनचा निकाल पालटतो का? प्रामाणिक उत्तर: निकालापेक्षा वाट जास्त सोपी होते. स्वीडनमध्ये अशाच कमरेच्या रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात नऊ आठवडे फिजिओथेरपी घेतलेल्यांचं ऑपरेशनआधीचं दुखणं कमी झालं, हालचालीची भीती कमी झाली. ऑपरेशननंतर मात्र ती घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांतला फरक थोडाच उरला, व्यायाम केलेले लोक जास्त हिंडते-फिरते राहिले एवढाच. मला तोही पुरेसा वाटतो. हालचालीची भीती हा माझ्या वॉर्डातला सगळ्यात चिवट आजार आहे.

आता रक्ताकडे आणि हाडाकडे या. हा भाग डॉक्टरांचा आहे, पण विचारायचं तुम्ही आहे, कारण पुष्कळदा या तपासण्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात होतात आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

पहिली साखर. एचबीए-वन-सी आत्ताच करून घ्या. बरेच सर्जन हा आकडा ७.५ किंवा ८ च्या खाली असल्याशिवाय ठरवून करायचं ऑपरेशन करत नाहीत, कारण वाढलेल्या साखरेत जखम चिघळण्याचा धोका वाढतो आणि धातूचा स्क्रू आत असताना जंतुसंसर्ग म्हणजे मोठीच कटकट. हा आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगत असला तरी त्यात अलीकडच्या आठवड्यांचं वजन जास्त असतं, त्यामुळे सहा आठवड्यांत तो हलतो. एक लक्षात ठेवा, चालणं-सायकल वाढवलं की साखर खाली येते. थरथर, घाम, अचानक भूक असं काही झालं तर मोजा आणि गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मग हिमोग्लोबिन. ते कमी असेल तर लोह देऊन वाढायला आठवडे लागतात, आदल्या आठवड्यात कळलं तर पर्याय उरतो तो रक्त चढवण्याचा. ड जीवनसत्त्व रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर भरून काढायला हवं. पाळी थांबली असेल तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करावी का, हे सर्जनना नक्की विचारा. त्या तपासणीतला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाड ठिसूळ, आणि ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सैल पडते. अशा वेळी काही सर्जन आधी हाडाचे उपचार करून ऑपरेशन काही महिने पुढे ढकलतात. ऐकून वाईट वाटतं, पण दुसऱ्यांदा ऑपरेशन करण्यापेक्षा ते बरं.

तंबाखूबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहिते. स्क्रू आणि रॉड हा फक्त तात्पुरता आधार असतो. दोन मणक्यांमध्ये खरं हाड भरून यायला सहा महिने ते वर्ष लागतं. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि तिथलं हाड पुष्कळदा नीट जुळून येत नाही, मग धातू एकटाच भार सोसत राहतो आणि सैल होतो किंवा तुटतो. ओढलेली, चघळलेली, दातांना लावलेली, सगळी तंबाखू यात आली. किमान चार आठवडे आधी बंद, जितकी लवकर तितकं चांगलं, आणि नंतरचे कित्येक महिनेही बंदच. निकोटिनचा पॅच चालेल का, यावर सर्जनांची मतं वेगवेगळी असतात, न विचारता लावू नका.

वजन जास्त असलं तरी या सहा आठवड्यांत उपाशी राहून ते उतरवायला जाऊ नका. जखम भरायला प्रथिनं लागतात. मूत्रपिंडं ठीक असतील तर शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम हा साधारण हिशेब, म्हणजे ६० किलोच्या बाईला ७२ ते ९० ग्रॅम. अंडी, मासे, डाळी, दूध-दही, जे चालतं ते तिन्ही जेवणांत वाटून. हे वाटणं महत्त्वाचं आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा विसरा आणि डॉक्टर सांगतील ते करा.

औषधांची एक यादी करा, कागदावर, त्यात डोकेदुखीची गोळी आणि 'काही नाही हो, साधं आयुर्वेदिक आहे' तेही लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या हे गोळीगणिक बदलतं, आणि ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे त्यांनी त्या स्वतःहून बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. काही साध्या वेदनाशामक गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या आणि जिन्कोच्या गोळ्याही रक्तस्रावाच्या हिशेबात येतात. तुमच्यासाठी खास: मधुमेहाच्या गोळीच्या पाकिटावर डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेलं काही नाव आहे का बघा. या गटातली बहुतेक औषधं तीन दिवस आधी थांबवावी लागतात, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. आठवड्याला एकदा घ्यायचं वजनाचं किंवा साखरेचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. गेल्या तीन महिन्यांत कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारखेसह सांगा, बरेच सर्जन त्यानंतर किमान महिनाभर थांबतात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी विचारत नाही. हे ऑपरेशन बहुतेक वेळा पालथं झोपवून होतं, काही तास, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वर ठेवून. माझ्या एका पेशंटचा खांदा वर्षभर आखडलेला होता. पाठीच्या ऑपरेशनला खांद्याचं काय सांगायचं, म्हणून ती बोललीच नाही. नंतर पाठीपेक्षा खांदा जास्त रडवत होता. खांदा, मान, गुडघे, डोळ्यांतला काचबिंदू, हलणारा दात, सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. हाताची अंगठी आत्ताच साबण लावून निघते का बघा. सूज आल्यावर निघत नाही, मग कापावी लागते.

दुखरा दात, गळू, नखुरडं, लघवीची जळजळ, कातडीच्या घडीतला नायटा, यातलं काही असेल तर आताच उपचार करून घ्या. शरीरात कुठेही जंतू असले तर ते रक्तातून नव्या धातूपर्यंत पोचू शकतात. पाठीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक कापांतून जंतू शिरतात. जंतुनाशक साबण दिला असेल तर सांगितल्याप्रमाणे आदल्या रात्री आणि सकाळी वापरा, आणि त्यानंतर तेल, क्रीम, पावडर काही नको.

घराची तयारी एका दुपारी होते. रोज लागणारी प्रत्येक वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर आणा. हातांचा आधार असलेली, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत अशी खुर्ची ठरवा. पायपुसणी आणि सैल गालिचे गुंडाळून ठेवा, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, रात्रीचा दिवा लावा. बद्धकोष्ठाची सोयही आधीच करा: ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांनी पोट हमखास बसतं आणि कुंथताना कंबरेवर ताण येतो. पाणी आणि चोथायुक्त खाणं आत्तापासून वाढवा, आणि सौम्य रेचक कोणतं घ्यायचं ते विचारून आणून ठेवा.

अपेक्षांबद्दलही सर्जनशी बोला. नसेवरचा दाब गेला की पायाचं दुखणं सहसा लवकर उतरतं, कंबरेचं वेळ घेतं. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी थोडा राहतोही. नसेचा धागा नव्याने वाढायचा असेल तर त्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा. हे आधी माहीत असलं की तिसऱ्या आठवड्यात "बोटं अजून बधिर आहेत, ऑपरेशन फसलं" अशी झोप उडत नाही.

या सहा आठवड्यांत काही गोष्टी घडल्या तर मात्र ऑपरेशनच्या तारखेची वाट बघायची नाही: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, बसताना सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, पाऊल उचलता न येणं. रात्र असो, सुट्टी असो, थेट तातडीच्या विभागात जा. ताप, खोकला, नवीन फोड आला तर फोन करून सांगा. तारीख पुढे जाईल म्हणून लपवू नका.

उपाशी राहण्याचा नियम साधारणपणे जेवणाला सहा तास, साध्या पाण्याला दोन तास असा असतो, पण मधुमेहात तो बदलू शकतो. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ लिहून घ्या. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. दर वर्षी यावरून एखादं ऑपरेशन पुढे ढकललेलं मी बघते.

उद्या सकाळी एवढंच करा. ती भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, हात छातीवर घ्या, घड्याळात ३० सेकंद लावा आणि किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. कुणीतरी शेजारी असू द्या. आकडा कॅलेंडरवर लिहा. दर आठवड्याला त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा, आणि शेवटचा आकडा ऑपरेशनच्या फाइलमध्ये ठेवा. तुम्हाला उठवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला तो बघून बरं वाटेल.